वर चढलेला डेम्पो टिकला : आय-लीगमधला २०२४-२५ चा मोसम आणि बढती-घसरणीचं गणित

मालवण : केरळमधल्या कोझिकोडच्या मैदानावर ६ एप्रिल २०२५ रोजी गोव्याच्या डेम्पो स्पोर्ट्स क्लबनं गोकुलम केरळचा ४-३ असा पराभव केला. गोकुलमला हा सामना जिंकणं भागच होतं, कारण त्यांची विजेतेपदाची आशा त्यावर होती. डेम्पोचं तसं काही नव्हतं. विजेतेपदाच्या शर्यतीत ते नव्हते आणि खाली जाण्याची भीतीही उरली नव्हती. आदल्या मोसमात खालच्या वर्गातून वर आलेल्या या संघानं आपली जागा आधीच राखली होती.

सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला या तालुक्यांतली पोरं कामाला, शिकायला गोव्यात जातात. म्हापशाच्या धुळेर मैदानावर सामना बघून रात्री परत येणारेही आहेत. मालवण, देवगडकडं टेनिस बॉल क्रिकेटचं वेड मोठं, पण रात्री जागून इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगचे सामने बघणारे तिथंही कमी नाहीत. मँचेस्टर आणि लिव्हरपूल सगळ्यांना पाठ असतात. शेजारच्या गोव्यातला क्लब दहा वर्षांनी वर आला, टिकला, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. त्या मोसमात काय झालं, वर जाणं-खाली येणं म्हणजे नेमकं काय, आणि वर गेलेले बहुतेक संघ टिकत का नाहीत, याची ही माहिती.

थोडक्यात

- क्लब : डेम्पो स्पोर्ट्स क्लब, गोवा. स्थापना १९६८.
- राष्ट्रीय विजेतेपदं : पाच (२००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२).
- आय-लीगमधून घसरण : २०१४-१५.
- पुन्हा बढती : २०२३-२४ मध्ये आय-लीग २ मध्ये दुसरा क्रमांक.
- परतीचा मोसम : २०२४-२५. संघ १२, प्रत्येकी २२ सामने.
- प्रशिक्षक : समीर नाईक.
- निकाल : गुणतक्त्यात मधल्या भागात, जागा कायम.

बढती-घसरण म्हणजे काय?

क्रिकेटच्या आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी परत तिथंच खेळतो. फुटबॉलमध्ये जगात बहुतेक ठिकाणी तसं चालत नाही. लीग शिडीसारख्या एकाखाली एक असतात. खालच्या लीगमधले पहिले एक-दोन संघ पुढच्या मोसमात वर जातात, ती बढती. वरच्या लीगमधले शेवटचे एक-दोन किंवा तीन संघ खाली येतात, ती घसरण. त्यामुळं तक्त्याच्या तळाशी असलेल्या संघांचे सामनेही शेवटपर्यंत जिवावर येऊन खेळले जातात.

भारतात २०२४-२५ मध्ये ही शिडी अशी होती. सगळ्यात वर इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. त्याखाली आय-लीग, मग आय-लीग २, मग आय-लीग ३. त्याच्या खाली राज्य संघटनांच्या लीग. गोव्यात ही व्यवस्था गोवा फुटबॉल असोसिएशन बघते, महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा.

आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळणार होती आणि शेवटचे दोन संघ आय-लीग २ मध्ये जाणार होते. आयएसएलमधून खाली मात्र कोणी येत नव्हतं. कोलकात्याचं मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये वर गेलं आणि पहिल्याच मोसमात शेवटचं आलं, तरी खाली आलं नाही. सगळ्यात वरच्या पायरीला घसरण नाही, अशी ही अर्धवट शिडी होती.

गुणांचा हिशेब सोपा आहे. विजयाला तीन, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. बारा संघ, प्रत्येकाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, म्हणजे २२ सामने. एखादा संघ २२ च्या २२ सामने बरोबरीत सोडवील तर त्याच्या हाती २२ गुण पडतील. तेवढ्यातच सात जिंकून पंधरा हरला तर २१. म्हणून खालून आलेल्या संघाला बरोबरीचा एक गुणही सोडून चालत नाही.

डेम्पो कोण?

गोव्यातले मोठे क्लब बहुतांशी खाणमालक आणि उद्योगपती घराण्यांच्या आधारानं वाढले. साळगावकर, डेम्पो, सेझा ही नावं त्यातलीच. खाणीचा हंगाम आणि फुटबॉलचा मोसम ही जोडी गोव्यानं अनेक वर्षं बघितली.

डेम्पोचा सुवर्णकाळ म्हणजे २००४ ते २०१२. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स ही गोव्याची पोरं, आणि जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स व ब्राझीलचा बेटो. या काळात क्लबनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं आणि पाचही कुलासोंच्या हाताखाली. २००८ मध्ये संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला.

याच काळात एक मोठा आघातही झाला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूमध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल करणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल मारताना गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. संघानं कप जिंकला, पण जल्लोष झाला नाही. त्याच मोसमात डेम्पोनं नॅशनल लीगही जिंकली.

घसरण आणि माघार

२०११-१२ मध्ये विजेता ठरलेला हा संघ तीनच वर्षांत, २०१४-१५ च्या शेवटी, खाली गेला. असं होतं, आणि गोव्यात ते नवीनही नव्हतं. चर्चिल ब्रदर्स २०१२-१३ चे विजेते, आणि लगेच पुढच्या मोसमात खाली.

डेम्पोनं संघ मोडला नाही. २०१५-१६ मध्ये दुसऱ्या विभागाची स्पर्धा जिंकून एका वर्षात परत बढती मिळवली. पण २०१६ मध्ये ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशननं नवा आराखडा पुढं ठेवला. त्यात आयएसएल वरची लीग, आय-लीग तिच्याखाली, आणि आय-लीग जिंकून वर जाण्याची सोय नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या दोघांनी आय-लीगमधून माघार घेतली, डेम्पोही त्यांच्याबरोबर गेला. मैदानावर कमावलेली जागा क्लबनं स्वतःहून सोडली. कितीही जिंकलं तरी वरचं दार बंदच राहणार असेल तर एवढा खर्च कशासाठी, हा त्यांचा सवाल होता.

या माघारीचा फायदा भलत्यालाच झाला. मिझोरामचं ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये पहिल्यांदा आय-लीगमध्ये आलं होतं आणि त्याच मोसमात घसरलं होतं. गोव्याचे क्लब गेल्यामुळं जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत घेतलं गेलं. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजोंगशी १-१ बरोबरी साधून ऐझॉल थेट आय-लीगचं विजेतं ठरलं. प्रशिक्षक होते खालिद जमील. त्याआधी अनेक वर्षं ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते, आणि ज्या मोसमात त्यांनी ऐझॉलला विजेतं केलं, त्याच मोसमात मुंबई एफसी शेवटचं येऊन खाली गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

दहा वर्षांनी परत

आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती देण्याची सुरुवात २०२२-२३ च्या मोसमापासून झाली. पहिला मान पंजाबच्या राउंडग्लासला मिळाला. आता पंजाब एफसी नावानं खेळणारा हा संघ आयएसएलमधल्या पहिल्या मोसमात आठवा आला. म्हणजे २०१६ मध्ये ज्या बंद दारावरून भांडण झालं, ते निदान किलकिलं झालं.

डेम्पो २०२३-२४ मध्ये आय-लीग २ मध्ये खेळला. स्पोर्टिंग क्लब बंगळुरू पहिला आला, डेम्पो दुसरा, आणि दोघांनाही बढती मिळाली. प्रशिक्षक समीर नाईक, म्हणजे सुवर्णकाळातला डेम्पोचाच बचावपटू. २०१४-१५ नंतर थेट २०२४-२५ मध्ये डेम्पो आय-लीगच्या तक्त्यात दिसला.

मोसम कसा होता?

आय-लीगचा २०२४-२५ चा मोसम नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ असा चालला. खालच्या वर्गातून आलेल्या संघाला यात पहिला फरक जाणवतो तो प्रवासाचा. डेम्पोला जावं लागणार होतं ते श्रीनगरला रियल काश्मीरकडं, मिझोराममध्ये ऐझॉलकडं, शिलाँगला लाजोंगकडं, हैदराबादला श्रीनिदी डेक्कनकडं, कोझिकोडला गोकुलमकडं. नामधारीचं मैदान पंजाबमध्ये भैणी साहिबला. दिल्ली एफसी नावाला दिल्लीचं, त्याचेही घरचे सामने पंजाबमध्ये माहिलपूरला. इंटर काशी नावाला वाराणसीचं, पण घरचे सामने पश्चिम बंगालमधल्या कल्याणीला. चर्चिलविरुद्धचा सामना तेवढा गोव्यातल्या गोव्यात.

गोव्याच्या दमट हवेत, गवतावर सराव करणारी पोरं श्रीनगरच्या थंडीत आणि ऐझॉलच्या कृत्रिम गवतावर खेळतात तेव्हा चेंडूचा टप्पा वेगळा येतो, पायावर ताण वेगळा पडतो. विमान, बस, एक रात्र मुक्काम, सामना, परत प्रवास, आणि मग पुढचा सामना. संघात एका जागेसाठी दोन तोडीस तोड खेळाडू नसतील तर मोसमाच्या उत्तरार्धात पाय जड होतात आणि गुण तिथंच जातात.

डेम्पो मोसमाअखेर तक्त्याच्या मधल्या भागात राहिला, आणि खालून आलेल्या संघासाठी हीच मोठी गोष्ट. त्यांच्याच बरोबर वर आलेलं स्पोर्टिंग क्लब बंगळुरू, आय-लीग २ चं विजेतं, एका मोसमात परत खाली गेलं. त्यांच्यासोबत दिल्ली एफसी घसरलं. वर येताना जो पहिला होता तो बुडाला, आणि जो दुसरा होता तो राहिला.

शेवटचा दिवस

६ एप्रिलच्या सकाळी चर्चिल ब्रदर्स तक्त्यात पुढं होते. ते श्रीनगरला रियल काश्मीरशी खेळणार होते. ते हरले आणि गोकुलम जिंकलं तर विजेतेपद गोकुलमला जाऊ शकत होतं. म्हणून कोझिकोडला सगळ्यांचं लक्ष डेम्पोविरुद्धच्या सामन्याकडं.

गोकुलमच्या थाबिसो ब्राउन या लेसोथोच्या खेळाडूनं सुरुवातीच्या काही मिनिटांतच दोन गोल केले. सामना एकतर्फी होणार असं वाटत होतं. डेम्पोनं मात्र एकेक करत गोल फेडले आणि पुढं गेले. ब्राउननं तिसरा गोल करून परत बरोबरी साधली. ३-३. गोकुलमला चौथा गोल हवा होता, तो भरपाई वेळेत डेम्पोनं मारला. ४-३.

मधल्या भागातल्या संघाला शेवटच्या दिवशी पाय आखडता घेणं सोपं असतं. सामना सोडून दिला असता तरी डेम्पोला विचारणारं कोणी नव्हतं. पण तक्त्याच्या वरच्या टोकाला काय ठरायचं ते अशाच संघांच्या प्रामाणिक खेळावर ठरतं. त्या दिवशी चर्चिलचा सामना श्रीनगरला १-१ असा बरोबरीत सुटला आणि इंटर काशीनं राजस्थान युनायटेडला ३-१ असं हरवलं. चर्चिल ४० गुण, इंटर काशी ३९.

मैदानावर संपलं, कागदावर नाही

गोव्यातला दुसरा क्लब, चर्चिल, ४० गुणांसह पहिला होता. पण १३ जानेवारीच्या एका सामन्याचा वाद बाकी होता. नामधारीनं इंटर काशीला २-० असं हरवलं होतं, पण नामधारीनं खेळवलेला एक खेळाडू त्या सामन्याला अपात्र होता, अशी काशीची तक्रार होती. फेडरेशनच्या शिस्तपालन समितीनं काशीला तीन गुण दिले, अपील समितीनं तो निर्णय फिरवला. चर्चिलला विजेता जाहीर करून करंडकही देण्यात आला.

काशी स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडं गेली. लवादानं काशीच्या बाजूनं निकाल दिला आणि १८ जुलै २०२५ रोजी इंटर काशी विजेती ठरली. ते तीन गुण धरले की काशीचे ४२ होतात, चर्चिलचे ४०. हातात आलेला करंडक आणि आयएसएलची जागा, दोन्ही चर्चिलकडून गेलं.

डेम्पोचा यात संबंध नाही. पण गावच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनीही यातून घेण्यासारखं आहे. खेळाडूची नोंदणी, पिवळ्या कार्डांचा हिशेब, सामन्याआधी दिलेली यादी, या गोष्टी एका गोलापेक्षा जड पडू शकतात.

महाराष्ट्रात वर गेलेले क्लब कुठं गेले?

डेम्पोचं टिकणं का महत्त्वाचं, ते आपल्या राज्याकडं पाहिलं की कळतं.

*मुंबई एफसी :* २००८ मध्ये दुसऱ्या विभागाची स्पर्धा जिंकून वर आलं. इंग्लंडचे डेव्हिड बूथ प्रशिक्षक होते. २००८-०९ ते २०१६-१७ असे नऊ मोसम आय-लीगमध्ये काढले. २०१७ मध्ये घसरण झाली आणि क्लब बंद पडला.

*पुणे एफसी :* २००७ मध्ये उभं राहिलं, २००९ मध्ये बढती मिळाली. बालेवाडीत खेळायचं. पहिल्याच मोसमात, २००९-१० मध्ये, तिसरा क्रमांक. बढती मिळालेल्या संघाची अशी सुरुवात भारतात फार कमी वेळा झाली आहे. २०१२-१३ मध्ये दुसरा क्रमांक. त्यांची अकादमीही देशात नावाजलेली. पण २०१५ मध्ये मालकांनी क्लब बंद केला. तो घसरला नव्हता, हरला नव्हता, तरी संपला.

*केंकरे एफसी :* मुंबईचा क्लब. २०२१-२२ पासून आय-लीगमध्ये, २०२२-२३ च्या शेवटी घसरण.

याशिवाय जुना महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाला २०१३ मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण न केल्यामुळं आय-लीगमधून बाहेर काढण्यात आलं. पुण्यात भारत एफसी एका मोसमात गेलं. डीएसके शिवाजीयन्सही दोन मोसम खेळून थांबलं. आयएसएलमधलं एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपलं आणि ती जागा हैदराबादला गेली.

यातले मोजके क्लब खेळात कमी पडले. जास्त क्लब मालकाचा उत्साह किंवा पैसा आटल्यामुळं गेले. डेम्पोनंही २०१६ मध्ये आय-लीगमधून पाय मागं घेतला होता, पण क्लब बंद केला नाही. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, पोरं तयार करत राहिला. म्हणून दार उघडल्यावर आत शिरायला संघ हाताशी होता.

इंग्लंडमध्ये काय घडतं?

पैशाची रेलचेल असलेल्या इंग्लंडमध्ये तरी खालून आलेले क्लब टिकतात का? अलीकडचा हिशेब बघा.

२०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये वर आलेले तिन्ही क्लब त्याच मोसमात खाली गेले. ल्युटन टाउन २६ गुण, बर्नली २४, शेफील्ड युनायटेड १६. पुढच्याच मोसमात, २०२४-२५ मध्ये, परत तेच. लेस्टर २५, इप्सविच २२, साउथहॅम्प्टन १२. डर्बी काउंटीचा २००७-०८ मधला ११ गुणांचा नीचांक साउथहॅम्प्टननं एका गुणानं टाळला.

यात ल्युटनची गोष्ट गावाकडच्या माणसाला जवळची वाटावी. २०१४ पर्यंत हा क्लब पाचव्या पायरीवर होता. केनिलवर्थ रोड हे त्यांचं मैदान चाळीवजा घरांच्या रांगेत, जेमतेम बारा हजार माणसं मावतील एवढं. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांचं फाटक तर दोन घरांच्या मधून. मे २०२३ मध्ये वेम्बलीवर कॉव्हेंट्रीला पेनल्टीवर हरवून ते नऊ वर्षांत पाचव्या पायरीवरून पहिल्या पायरीवर आले. वर्षभर झुंजले आणि शेवटून तिसरे येऊन खाली गेले. एवढ्यावर थांबलं नाही. २०२५ मध्ये आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या पायरीवर आले.

याच देशात उलटं उदाहरणही आहे, पण ते जुनं. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्ये बढती मिळवून वर आलं आणि १९७७-७८ मध्ये थेट विजेतं झालं. ब्रायन क्लफ त्यांचे मॅनेजर. पुढं १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कपही जिंकला. आजच्या पैशाच्या काळात तसं काही घडणं अवघड.

इंग्लंड आणि भारतात एक मोठा फरक मात्र आहे. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबला पुढची तीन वर्षांपर्यंत टीव्हीच्या पैशातून हप्ते मिळतात. त्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. पडताना हाडं मोडू नयेत म्हणून ही सोय. भारतात असा आधार नाही. इथं पडलेला क्लब मालकाच्या खिशावर उभा असतो.

वर गेलेला संघ बुडतो का?

वरची सगळी उदाहरणं एकत्र ठेवली की कारणं साधारण अशी दिसतात.

१. संघ तोच, प्रतिस्पर्धी वेगळे. खालच्या वर्गात तीन संधींत एक गोल चालतो, वरच्या वर्गात मिळालेली एकच संधी साधावी लागते. खाली माफ होणारी बचावातली चूक वर गोल होऊन अंगावर येते.

२. खेळाडूंची घाऊक खरेदी. बढती मिळाली की दहा-पंधरा नवे खेळाडू आणले जातात. एकमेकांची सवय होईस्तोवर निम्मा मोसम जातो. कोणालाच न बदलणं हीसुद्धा चूकच.

३. प्रवास आणि बाकावरचे खेळाडू. पहिले अकरा सगळ्यांचेच बरे असतात. मोसम टिकवतात ते बारावा ते अठरावा.

४. कागदपत्रं. परवान्यासाठी मैदान, युवा संघ, पात्र प्रशिक्षक, हिशेब, सगळं लागतं. एअर इंडियासारखं मोठं नावही इथं अडलं.

५. मालकाची चिकाटी. पहिलं वर्ष हौसेनं निघतं. तिसऱ्या वर्षी कळतं कोण किती पाण्यात आहे.

डेम्पोच्या बाजूनं काय होतं, ते यातूनच समजतं. क्लब जुना, प्रशिक्षक घरचा, गोव्याच्या लीगमधून येणारी पोरं हाताशी, आणि पडण्याचा अनुभव गाठीला. आंब्याचं कलम लावल्यावर दुसऱ्या वर्षी फळ मोजत नाहीत, ते जगलं का तेवढं बघतात. डेम्पोचा हा मोसम त्या हिशेबानं मोजायचा.

सिंधुदुर्गातल्या पोरांसाठी

जिल्ह्यातल्या शाळकरी खेळाडूंना सगळ्यात जवळची वाट सुब्रतो कपची. १९६० पासून चालणारी ही आंतरशालेय स्पर्धा १५ वर्षांखालील मुलगे आणि १७ वर्षांखालील मुलगे व मुली अशा गटांत होते. शाळेनं नाव नोंदवायचं, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय फेरी. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करता येते. शाळेकडं क्रीडाशिक्षक असला आणि त्यानं वेळेत अर्ज भरला तर पैसा फारसा लागत नाही. अनेक शाळा अर्जाची तारीख गेल्यावर जाग्या होतात.

गोव्यातल्या क्लबकडून खेळायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खेळाडूची नोंदणी फेडरेशनच्या सीआरएस या ऑनलाइन यंत्रणेत एका क्लबच्या नावावर असते. दुसऱ्या क्लबकडून खेळायचं तर आधी रीतसर बदली करून घ्यावी लागते. इथल्या क्लबकडं नाव तसंच ठेवून पलीकडं खेळलं तर खेळाडूही अडकतो आणि संघही. नामधारीच्या प्रकरणात एका नावावरून किती रामायण झालं ते वर आलंच आहे.

कोल्हापुरात तालमींच्या संघांनी फुटबॉल पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवला. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. घाटाच्या वर कोल्हापूर आणि पत्रादेवीच्या पलीकडं गोवा, दोन्हीकडं फुटबॉलची मुळं खोल. मधल्या सिंधुदुर्गात भातकापणीनंतरचे मळे आणि ओहोटीच्या वेळचे किनारे भरपूर. वर्षभर चालणारी लीग मात्र लागते. चार दिवसांच्या नाइट टुर्नामेंटमधून खेळाडू दिसतो, घडत नाही.

पुढं काय?

पुढच्या मोसमासाठी आय-लीग २ मधून पश्चिम बंगालचं डायमंड हार्बर आणि मिझोरामचं चानमारी वर आले. पहिल्या मोसमाची परीक्षा आता त्यांची. आयएसएल चालवणाऱ्या कंपनीबरोबरचा फेडरेशनचा करार २०२५ मध्ये संपत आल्यामुळं २०२५-२६ चा मोसम वेळेवर सुरूच झाला नाही. खेळाडूंचे पगार, क्लबांचं नियोजन सगळं लटकलं. मैदानावर जागा राखली तरी मैदानाबाहेरच्या गोष्टी हातात नसतात, हे डेम्पोला २०१६ पासून ठाऊक आहे.

तरी २०२४-२५ च्या तक्त्यात एक नोंद कायम राहील. दोन संघ खालून आले, त्यातला एक राहिला. तो आपल्या शेजारचा होता.